दुष्काळी कामापासून रोजगार हमीपर्यंत

महाराष्ट्रातील नोकरदार माणसाच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ ह्या नावाची एक लहानशी रक्कम कापलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत ती दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये इतकी भरते. रक्कम अल्प असल्यामुळे ती कशासाठी कापली जाते हे विचारण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. खेड्यापाड्यांतील ज्या स्त्रीपुरुषांच्या हातांस काम नाही, त्यांस काम देण्याचा खर्च भागविण्यासाठी हा कर १९७५ साली बसविण्यात आला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तरुण मंडळींस ती बहुधा ठाऊकही नसेल. ह्या कराच्या मुळाशी असलेली कल्पना एका कोरडवाहू तालुक्यातील लोकप्रतिनिधीची आहे. परंतु ज्या प्रश्नास ती उत्तर म्हणून आली, तो प्रश्न तिच्याहून पुष्कळ जुना आहे. भुकेलेल्या खेडुतास सरकारने काय द्यावे, आणि न दिल्यास त्याबद्दल सरकारास जाब कोणी व कसा विचारावा, हा तो प्रश्न होय. त्याचा शंभर वर्षांचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १८७६–७७ च्या दुष्काळापासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही आणि मुंबई इलाख्यातील सोलापूर, सातारा, पुणे, नगर, विजापूर वगैरे जिल्ह्यांत हाहाकार उडाला. इलाख्याच्या सरकारने रस्ते, तलाव इत्यादी कामे काढून मजुरी देण्याचे धोरण आरंभी बऱ्यापैकी उदारपणे चालविले होते. परंतु व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारास खर्चाची चिंता अधिक होती. त्यांनी पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी असा दंडक घातला की, दिवसभर राबणाऱ्या धडधाकट पुरुषास एक पौंड धान्य मिळेल इतकीच मजुरी, वर नाममात्र पैसे देऊन, पुरे मानावी. त्याच सुमारास काम देताना अंतराची कसोटीही लावण्यात आली. घराजवळच्या कामावर माणसास न घेता दहा मैलांपलीकडच्या छावणीवर धाडावे. जो खरोखरीच उपाशी असेल तोच इतक्या लांब जाईल, असा त्यामागचा हिशेब होता. उपाशी माणूस दहा मैल चालू शकेल किंवा नाही, ह्याचा विचार त्या हिशेबात नव्हता.

ह्यानंतर जे घडले ते आपल्या इतिहासात जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही. हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारली आणि ते कामे सोडून निघून गेले. पोटास अन्न नसलेल्या माणसांनी पुकारलेला हा संपच होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने सभेच्या माणसांनी गावोगावची माहिती मिळविली. कोठे किती माणसे कामावर आहेत, कोणत्या भावाने धान्य विकते आहे, मजुरीत काय येते, हे सर्व लिहून सभेने सरकारकडे एकामागून एक पत्रे धाडली. त्या काळी खेड्यातील माणसाचा कोणीही निवडलेला प्रतिनिधी कायदे कौन्सिलात नव्हता; किंबहुना १८६१ च्या कायद्याने स्थापिलेल्या कौन्सिलात सरकारास प्रश्न विचारण्याचा अधिकारही कोणास नव्हता. अशा स्थितीत एका खाजगी सभेने आकडे गोळा करून सरकारास लेखी जाब विचारावा, ही गोष्ट लहान नव्हती. तथापि तो जाब नुसती विनंती होता. सरकारने उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन कोठेच नव्हते.

ह्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावल्यावर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले गेले. त्याचा अहवाल १८८० साली निघाला आणि १८८३ साली दुष्काळनिवारणाच्या नियमांचा एक नमुना तयार होऊन त्याबरहुकूम निरनिराळ्या प्रांतांत ‘फॅमिन कोड’ लागू झाले. पाऊस अपुरा पडला असता पाहणी केव्हा करावी, कसोटीची कामे केव्हा काढावीत, मजुरी कशी ठरवावी, लेकुरवाळ्या बायकांस व अपंगांस काय द्यावे, सारा तहकूब केव्हा करावा, हे सर्व त्यात व्यवस्थित लिहिलेले होते. हे नियम चांगले होते असेच म्हटले पाहिजे. त्यांत उणीव होती ती निराळीच. ते नियम अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी केलेले होते. दुष्काळ आहे की नाही हे सरकारने ठरवावयाचे. आणि सरकारने तो जाहीर केला म्हणजे मगच नियमांचे पुस्तक उघडावयाचे. ज्याच्यासाठी ते लिहिले त्या कुणब्यास ते इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते, आणि वाचता आले असते तरी त्याच्या आधारे त्यास काहीच मागता येत नव्हते.

ही उणीव लोकमान्य टिळकांच्या नजरेस प्रथम आली. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती. पण उत्तर असमाधानकारक असले तरी त्यावर उपप्रश्न करता येत नसे. प्रश्न एकदा विचारावा, उत्तर एकदा ऐकावे आणि खाली बसावे, एवढीच ती मुभा. तेव्हा टिळकांनी कौन्सिलाबाहेरचा मार्ग धरला. फॅमिन कोडात रयतेस काय देऊ केले आहे ते ‘केसरी’तून व पत्रकांतून सोप्या मराठीत छापून गावोगाव वाटण्यात आले, सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यांत जाऊन ते वाचून दाखवू लागले. पीक बुडाले असता सारा तहकूब करण्याचा नियम सरकारनेच केलेला आहे, तेव्हा घरातली भांडीकुंडी विकून सारा भरू नका, असे रयतेस सांगण्यात आले. ह्यात कायदेभंगाचा लवलेशही नव्हता. सरकारच्याच नियमाचे हे वाचन होते. परंतु आपला नियम रयतेच्या तोंडून ऐकणे सरकारास रुचले नाही. काही कार्यकर्त्यांवर खटले भरण्यात आले, आणि १८९७ साली सार्वजनिक सभेस लोकांच्या वतीने बोलणारी संस्था म्हणून दिलेली मान्यता सरकारने काढून घेतली.

१८७७ आणि १८९७ ह्या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या खेपेस नियमच नव्हता, केवळ कृपा होती. दुसऱ्या खेपेस नियम होता, पण तो कुलूपबंद होता आणि त्याची किल्ली सरकारच्या कंबरेस होती. पुढे १९०९ साली मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्नाचा हक्क मिळाला, १९१९ नंतर निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढली, १९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली, आणि अखेरीस स्वराज्यही आले. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचे बळ असे पायरीपायरीने वाढत गेले. परंतु दुष्काळ जाहीर करण्याची किल्ली होती तेथेच राहिली. शिवाय खेड्यातील गरिबाची भूक दुष्काळाच्या वर्षापुरती नसते. सुगी आटोपली की शेतमजुरास काम नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंतचे दिवस त्यास उधारीवर किंवा गाव सोडून काढावे लागतात. अशा वर्षी दुष्काळ जाहीर होत नाही, पैसेवारी बरी लागते, आणि सभागृहात प्रश्न विचारला तरी टंचाई नाही हेच उत्तर योग्य ठरते. उत्तर खरे असूनही माणूस उपाशीच राहतो, अशी ही अडचण होती.

ह्या अडचणीचा उलगडा ज्यांनी केला ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या विसापूरचे. स्वातंत्र्याच्या चळवळीतून राजकारणात आलेले, कायद्याचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १९६० ते १९७८ ह्या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. सभापतीस सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, भाषण करता येत नाही, आणि मते समसमान पडल्याखेरीज मतही देता येत नाही. इतर सभासद आपापल्या तालुक्यातील रस्ता, विहीर, दवाखाना यांबद्दल मंत्र्यांस धारेवर धरीत असता पागे यांनी ते ऐकावयाचे आणि पुढील प्रश्न पुकारावयाचा. अठरा वर्षे प्रश्नोत्तरे ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल ह्याची कल्पना आम्ही करू शकतो. त्यांच्या कार्यावरून एवढे मात्र दिसते की, एकेका गावाचा एकेक प्रश्न विचारण्याऐवजी, उपाशी माणसास स्वतःच सरकारास प्रश्न विचारता येईल अशी काही तजवीज हवी, ह्या निष्कर्षावर ते आले होते.

त्यांची कल्पना सांगावयास अगदी सोपी आहे. जो प्रौढ माणूस अंगमेहनत करण्यास तयार आहे आणि काम मागतो, त्यास सरकारने काम द्यावे. वर्ष दुष्काळाचे आहे की सुकाळाचे, हे पाहू नये. काम मागावयास येणे हाच गरजेचा पुरावा मानावा. उन्हातान्हात माती उपसावयास कोणी हौसेने येत नाही, हे तत्त्व फॅमिन कोडातही होते. परंतु तेथे त्याचा उपयोग माणसास गाळण्याकडे केला होता, येथे तो घेण्याकडे केला. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ह्या कल्पनेस पाठबळ दिले आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू झाला. पुढे आणखी काही विकासगटांत तो विस्तारला आणि १९७२ साली ‘रोजगार हमी योजना’ ह्या नावाने राज्याच्या ग्रामीण भागासाठी ती हाती घेण्यात आली.

इतक्यात बहात्तरचा दुष्काळ कोसळला. मागील दोन वर्षांचे पाऊस आधीच तोकडे होते. त्या वर्षी तर विहिरी तळास गेल्या. ज्यांच्या घरी त्या काळच्या आठवणी आहेत त्यांस लाल मिलो, सुकडी, आणि रस्त्याच्या कडेने खडी फोडीत बसलेल्या माणसांच्या रांगा हे सांगावयास नको. रोजगार हमीचे बाळ बाजूस ठेवून सरकारास सर्व बळ दुष्काळी कामांवर लावावे लागले. १९७३ च्या मे महिन्यात ह्या कामांवरील माणसांची संख्या सुमारे पन्नास लक्षांवर गेली होती. बडे बागाईतदार सोडले तर गावेच्या गावे पाझर तलावांवर, नाला बांधांवर आणि सडकांवर लोटली. कालपर्यंत ज्यांच्या बांधावर दुसरे राबत होते ते मध्यम शेतकरीही घमेले उचलू लागले. इतक्या मोठ्या आपत्तीत भूकबळींचा आकडा पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे फुगला नाही, ह्याचे श्रेय ह्या कामांस द्यावयास पाहिजे, असे देशोदेशींच्या अभ्यासकांनी नमूद केले आहे. परंतु मजुरीचे दर, हप्त्याहप्त्याने रखडणारा पगार, हजेरीपटावरील खोट्या नावांचा घोळ, पिण्याच्या पाण्याची वानवा, ह्यांवरून मजुरांचे मोर्चेही निघाले, आणि त्या तक्रारी विरोधी पक्षांच्या व कित्येक सत्ताधारी आमदारांच्याही मुखाने सभागृहात पोहोचल्या. एवढी माणसे एकदा सरकारच्या कामावर येऊन गेल्यावर त्यांस पुन्हा ‘दुष्काळ जाहीर होईतो थांबा’ असे सांगणे शक्य राहिले नाही.

ह्यानंतरचा प्रश्न पैशाचा. हमी द्यावयाची म्हणजे किती माणसे येतील हे आधी न कळता पैसा तयार ठेवावयाचा. ह्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. विक्रीकर, मोटारवाहन कर इत्यादींवर अधिभार आणि बागाईत जमिनीवर उपकर असे आणखीही मार्ग काढले, आणि करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुरासाठी कर द्यावा, आणि तो त्याच कामासाठी राखून ठेवला जावा, ही गोष्ट आपल्याकडे नवीनच होती. १९७७ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम’ संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

ह्या कायद्यातील काही कलमे जुन्या इतिहासाशी ताडून पाहिली म्हणजे त्यांचे मर्म कळते. १८७७ साली माणसास दहा मैल दूर पाठविणे हीच कसोटी होती. येथे काम शक्यतो मजुराच्याच पंचायत समितीच्या हद्दीत द्यावे असे ठरले. तेव्हा बाईची मजुरी पुरुषाहून कमी असे; येथे सारख्या कामास सारखा दर आला. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांची सोय आणि प्रथमोपचार असावेत, खर्चाचा निदान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, आणि मध्ये ठेकेदार असू नये, अशीही बंधने घातली. परंतु सर्वांत महत्त्वाचे कलम मुदतीचे होय. नाव नोंदवून काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळालेच पाहिजे. न मिळाल्यास सरकारने त्या माणसास बेकारीचा भत्ता द्यावा, आणि तो दिवसास एक रुपयाहून कमी असू नये. एक रुपया त्या काळीही फार नव्हता. परंतु त्यात पैशाहून निराळे काही होते. सरकारच्या हातून चूक झाली हे ठरविण्यास आता कमिशन नको, चौकशी नको, कोणाची मेहेरबानीही नको. पंचांग पाहून पंधरा दिवस मोजता येणाऱ्या कोणत्याही माणसास ते ठरविता येत होते. सभागृहातील उपप्रश्न जणू गावच्या चावडीवर येऊन पोहोचला.

ही योजना निर्दोष होती असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. कायद्याने जे दार उघडले त्याच्या उंबरठ्यावरच अनेक माणसे अडविली गेली. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्जाच्या तारखेपासून. तेव्हा अर्जच न घेणे, किंवा घेऊन पोच न देणे, ही युक्ती खालच्या नोकरवर्गास लवकरच सुचली. बेकारीचा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडला. कामाचे मोजमाप घेणारा वेळेवर आला नाही म्हणून आठवड्याची मजुरी महिन्याने मिळाली, अशीही उदाहरणे थोडी नाहीत. तयार झालेल्या तलावांचा व बांधांचा लाभ भूमिहीन मजुरापेक्षा जमीनवाल्यांस अधिक झाला, हा आक्षेपही खोटा नव्हे. दुष्काळी कामांवर किमान वेतनाहून कमी मजुरी देणे म्हणजे वेठबिगार होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानातील एका खटल्यात दिला; आणि १९८८ साली महाराष्ट्रातही हमीची मजुरी वाढून किमान वेतनाच्या बरोबरीस आली. परंतु त्यानंतर कामांवरील हजेरी झपाट्याने उतरली. गरज संपली म्हणून ती उतरली नाही, तर खर्च आवरण्यासाठी कामेच कमी काढली गेली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे किल्ली सरकारच्या कंबरेवरून काढून घेतली तरी दार आतून लावून घेणे शक्य होते.

म्हणूनच लोकप्रतिनिधीचे काम कायदा करून संपले नाही. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक स्वतंत्र रोजगार हमी समिती असते. ती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहते, हजेरीपट तपासते आणि अधिकाऱ्यांस समोर बसवून साक्षी घेते. जेथे मजुरांच्या संघटना जागरूक राहिल्या आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून कचेरीतून हलल्या नाहीत, तेथे हमी बरीच पाळली गेली; जेथे मजूर एकटा होता तेथे ती कागदावर राहिली. टिळकांच्या कार्यकर्त्यांनी १८९६ साली जे केले, म्हणजे ज्याच्यासाठी नियम आहे त्यास तो वाचून दाखविणे, त्याची गरज कायदा आल्यावरही तितकीच होती असे ह्यावरून दिसते.

पागे १९९० साली वारले. त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ साली, संसदेने सर्व देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षास १०० दिवसांचे काम, मागणीनंतर पंधरा दिवसांची मुदत, पाच किलोमीटरांच्या आत काम अथवा दहा टक्के जादा मजुरी, आणि काम न मिळाल्यास भत्ता, ही त्याची कलमे वाचताना त्यांचे मूळ कोठे आहे हे मराठी वाचकास कोणी सांगावयास नको. तासगाव तालुक्यातील प्रयोगापासून दिल्लीपर्यंत पोहोचावयास त्या कल्पनेस चाळीस वर्षे लागली.

सरकारास जाब विचारणे म्हणजे सभागृहात मोठ्याने बोलणे, असा एक समज आपल्या लोकांत रूढ आहे, आणि वर्तमानपत्रेही अशाच भाषणांस जागा देतात. अशा भाषणांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. १८६१ पासून प्रत्येक पायरीवर तो हक्क झगडून मिळवावा लागला आहे. परंतु भाषणाचा परिणाम दुसऱ्या दिवशी ओसरतो. ज्या कायद्यात मुदत आहे, अंतर आहे, आणि चुकल्यास द्यावयाची रक्कम आहे, तो बोलणारा सभासद घरी गेल्यावरही सरकारास प्रश्न विचारीत राहतो. विसापूरच्या ह्या अबोल सभापतींनी आपणांस शिकविले ते हेच. शाळा, दवाखाना, पाणी ह्या सेवांविषयी आपण जेव्हा प्रतिनिधींकडे गाऱ्हाणी नेतो, तेव्हा त्यांच्याकडून भाषणाबरोबर मुदतही मागावयास हवी; आणि पगारपत्रकावरील त्या दोनशे रुपयांकडे पाहून, ज्या कामासाठी हा कर बसविला ते मागणाऱ्या मजुरास आज पोच मिळते की नाही, हे विचारणे आपलेही काम आहे.